पाण्याची कड: तळ्याकाठी चिखलातले पक्षी बघायला जाताना

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी आठ जणांना घेऊन आमच्या गावाबाहेरच्या पाझर तलावावर गेले होते. परतीचा पाऊस भरपूर झाला होता. तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहत होता, आणि ते भरलेलं निळं पाणी बघून सगळे खूश झाले. आम्ही दोन तास थांबलो. एक खंड्या, चार गायबगळे आणि लांब मधोमध बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या, एवढंच दिसलं. ज्यांच्यासाठी गेलो होतो त्या तुताऱ्या, चिखल्या, शेकाटे यांच्यातला एकही नाही. जानेवारीच्या शेवटी मी त्याच तलावावर परत गेले. पाणी निम्म्याच्या खाली उतरलेलं, काठाला शेवाळाचा उग्र वास, गुरांच्या खुरांनी सगळा चिखल कालवलेला. आणि त्या चिखलावर एका नजरेत दीडशेच्या आसपास पक्षी.

पक्षिनिरीक्षक ज्यांना ‘वेडर’ म्हणतात ते हे पक्षी पोहून पोट भरत नाहीत, चालून भरतात. पाय जेवढे लांब तेवढ्याच पाण्यात उतरता येतं, आणि चोच जेवढी लांब तेवढ्याच खोलवरचा किडा काढता येतो. त्यामुळे त्यांचं सगळं जग म्हणजे वीतभर पाणी आणि त्याला लागून असलेला ओला चिखल. तळं केवढं मोठं आहे याला फारसा अर्थ नाही. ही कड किती रुंद आहे आणि ती किती ताजी उघडी पडली आहे, यावर सगळं ठरतं. चिखल उघडा पडून आठवडाभर उन्हात राहिला की वरून पापुद्रा धरतो, भेगा पडतात, आतले किडे खोल जातात किंवा मरतात, आणि पक्षी पाण्यामागोमाग पुढे सरकतात. म्हणून तळ्यावर पोचलं की मी आधी पक्षी बघत नाही. कुठली बाजू उथळ आहे आणि पाणी कुठून मागे हटतंय, ते बघते.

कुठलं पाणी, कुठल्या महिन्यात

पाहुणे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरेच लवकर येतात. सामान्य तुतारी, हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी ऑगस्टातच दिसायला लागतात, पावसाळा अजून सरलेलाही नसतो तेव्हा. आधी प्रौढ पक्षी येतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मागून, वाट दाखवायला कुणी नसताना. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत छोटे टिलवे (लिटल स्टिंट), रफ आणि गॉडविट पोचतात. मार्च-एप्रिलात परतीची वर्दळ सुरू होते. म्हणजे थंडीतले तीन महिने सोडूनही दोन्ही टोकांना बघण्यासारखं खूप असतं, आणि मला स्वतःला ती दोन टोकंच जास्त आवडतात.

महाराष्ट्रात बहुतेकांच्या जवळचं पाणी म्हणजे धरणाचा फुगवटा, पाझर तलाव किंवा नदीवरचा बंधारा. धरण पावसाळ्याच्या शेवटी भरतं आणि दिवाळीनंतर उतरायला लागतं. उजनीच्या काठाने राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पाणी मागे गेलं की जी जमीन उघडी पडते ती गाळपेर, आणि तिच्यावर ज्वारी-हरभरा पेरला जातो. भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला लोक रोहित (फ्लेमिंगो) बघायला गर्दी करतात, पण रोहितांच्या आणि गाळपेरीच्या मधल्या पट्ट्यात जे शेकडो बारके पक्षी पळत असतात त्यांच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. उजनीच्या पाण्याची पातळी सांगणारी एक खूण आहे, ती म्हणजे पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ. धरणात बुडालेल्या या देवळाचं शिखर आधी वर येतं, आणि पाणी फारच खाली गेलं तर सगळं देऊळ कोरड्यावर येतं. शिखर दिसू लागल्याची बातमी आली की कड कुठवर सरकली असेल याचा अंदाज घरबसल्या येतो.

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे वेगळ्या स्वभावाचं पाणी आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी ब्रिटिशांच्या काळात बंधारा घातला, त्यात शंभर वर्षं गाळ साठत गेला, आणि त्या गाळातून उथळ पाणी, बेटं, पाणगवत असं सगळं तयार झालं. २०२० मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, दुर्बिणी घेऊन सोबत येणारे स्थानिक मार्गदर्शक मिळतात, आणि ते घ्यावेतच. मात्र कालव्याचं आवर्तन सुरू झालं की पातळी चार दिवसांत बदलते, गेल्या आठवड्यातला चिखल या आठवड्यात पाण्याखाली असतो. निघण्याआधी तिथल्या मार्गदर्शकाला फोन करून एवढंच विचारा, “पाणी चढलंय का उतरलंय?”

पुणेकरांना सोलापूर रस्त्यावर कवडीपाट आहे. मुळा-मुठेचं पाणी तिथे फार घाण असतं, प्लास्टिकचा थर साचलेला असतो, आणि तरीही जुन्या बंधाऱ्याच्या दगडांवर तुताऱ्या, शेकाटे, धोबी पक्षी हातभर अंतरावर चरताना दिसतात. मला तिथे गेल्यावर प्रत्येक वेळी वाईट वाटतं आणि तरी मी जाते, कारण नवशिक्याला पक्षी इतक्या जवळून दाखवणारी जागा दुसरी पटकन मिळत नाही. गोव्यात करमळीचं तळं आणि चोडणच्या खारफुटीतलं अभयारण्य आहे.

तरीही पहिली फेरी यांतल्या कुठेही करू नका. घरापासून अर्ध्या तासावरचं एखादं साधं पाणी निवडा, भले त्याचं नाव कुणाला माहीत नसेल. नकाशाच्या ॲपवर उपग्रहाचं चित्र लावलं की उथळ बाजू फिकट, करड्या रंगाची दिसते. बांधाची बाजू खोल असते, ओढा जिथून तळ्यात शिरतो ती बाजू उथळ. तिथेच जायचं. आणि तिथेच पुन्हा पुन्हा जायचं, पंधरा दिवसांनी एकदा तरी.

खाडीवर घड्याळ वेगळं

समुद्रकाठच्या लोकांना कड शोधायला महिने थांबावं लागत नाही, ती दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. पण वेळ चुकली तर सगळं चुकतं. पूर्ण ओहोटीला पाणी किलोमीटरभर आत गेलेलं असतं आणि पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच नसतो, सगळे कुठेतरी उंचवट्यावर एका पायावर उभे राहून झोपलेले. शिवडीच्या जेट्टीवर किंवा ठाण्याच्या खाडीत जायचं तर भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास धरायचे. पाणी चढत असताना पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात, आणि ते मला जास्त सोयीचं वाटतं.

भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, पण कोकणातला जुना हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, उत्तर येतं सव्वाअकरा. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर चिखल्यांचे थवे बघायचे असतील तर भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला येईल असा दिवस निवडा. पाणी चढत असतानाच तिथे पोचा, ऊन अजून कोवळं असतं.

आदल्या रात्रीची तयारी

दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार जास्त पटीची दाखवेल, पण बारा किंवा सोळा पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि पळणारा टिलवा तिच्यात सापडत नाही. पहिल्या काही फेऱ्यांना कुणाची तरी मागून घ्या.

नवीन दुर्बीण आधी डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते, आणि बरेच जण हे करतच नाहीत. समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी धरा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ दिसेपर्यंत आणा. मग डावा डोळा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. त्या कडीवर कुठला आकडा आला तो लक्षात ठेवा, तो तुमचा. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेले रबरी कप आत मुडपून घ्या. हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे वर्षभर डोकं दुखवून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

तीन पायांच्या घोडीवर लावायची मोठी दुर्बीण, स्पॉटिंग स्कोप, ही चिखलातल्या पक्ष्यांसाठी खरी कामाची. ती महाग असते, म्हणून चार-पाच जणांच्या गटात एक असली तरी पुरे. मोठ्या लेन्सचा कॅमेरा मात्र पहिल्या वर्षी घरीच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो काढणारा पक्ष्याकडे बघत नाही, फोटोकडे बघतो, आणि आणखी जवळ जायचा मोह आवरत नाही.

बाकी सामान साधं आहे. मातकट किंवा मळखाऊ हिरवे कपडे, टोपी, दोन लिटर पाणी, छोटी वही आणि पेन्सिल, कारण ओल्या हाताने पेन चालत नाही. बसायला जाड पोतं. ते सगळ्यात महत्त्वाचं, का ते पुढे येईल. एक काठी. आणि खायला दशम्या-चटणी किंवा गूळ-शेंगदाणे, कागदाचा आवाज न करणारं काहीही.

काठावर पोचल्यावर

सूर्य पाठीशी हवा. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी उलट. उन्हाविरुद्ध सगळ्या तुताऱ्या काळ्या सावल्या होतात आणि ओळख पटणं अशक्य होतं. थंडीत उजाडता पोचावं. दहा-साडेदहानंतर तापलेल्या चिखलावरून वाफा निघतात, दुर्बिणीतून सगळं हलायला लागतं.

गाडी लांब लावा. काठाकडे सरळ चालत गेलात तर पक्षी उडतात, तिरकं, रमतगमत, मध्ये थांबत गेलात तर बरेचदा उडत नाहीत. गुराखी आणि मच्छीमार त्यांच्या इतक्या जवळून जातात, कारण ते त्यांच्याकडे बघत नसतात. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नका, बांधावरून चालायचं टाळा. पक्ष्यांनी चरणं थांबवून मान ताठ केली की तुम्ही जास्त जवळ आलात, दोन पावलं मागे जा. टिटवी हा सगळ्या तळ्याचा पहारेकरी. ती ओरडली की सगळे सावध होतात.

काठी चिखलासाठी. वरून वाळलेला गाळ आतून मऊ असतो आणि गुडघ्यापर्यंत पाय जातो. गुरांची पायवाट असेल तिथूनच चाला, नसेल तर काठी टोचून बघा. पाय अडकलाच तर झटके देऊ नका. मागे रेलून, एकेक पाय हळूहळू हलवत सैल करा. गवतातून जाताना काठी पुढे आपटत जा, काठच्या गवतात घोणस असते. आणि गाळपेरीतली पिकं कुणीतरी कष्टाने पेरलेली असतात, त्यांच्यातून वाट काढू नका. बांधावर शेतकरी दिसला तर आधी रामराम करा, कशासाठी आलात ते सांगा. मला सगळ्यात चांगल्या जागा अशा बोलण्यातूनच कळल्या आहेत.

आता ते पोतं अंथरा आणि बसा. निदान पाऊण तास हलू नका.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कुंभारगावच्या काठावर मी अशी बसले होते. पहिली वीस मिनिटं समोरचा चिखल रिकामा. मग उजवीकडून कड धरून चरत चरत दोन छोटे टिलवे आले आणि माझ्यापासून पंधरा पावलांवर थांबलेच नाहीत, तसेच पुढे जात राहिले. चिमणीपेक्षाही लहान पक्षी. चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी वर-खाली, दर सेकंदाला तीन-चार टोचे, आणि मध्येच एखादा केसाएवढा लाल किडा चोचीत वळवळताना दिसायचा. काळे पाय इतके बारीक की पावलांचे ठसे चिखलावर उमटतायत की नाही ते कळत नव्हतं. वजन जेमतेम २५ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांएवढं, आणि हा जीव आर्क्टिक किनाऱ्याच्या टुंड्रात जन्मून उजनीच्या गाळात किडे वेचत होता. एकदम दोघंही खाली दबले. वरून दलदली हारीण, म्हणजे मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, गेला. पलीकडचा सगळा थवा उठला, वळला, एका क्षणी करडा आणि दुसऱ्या क्षणी लख्ख पांढरा, आणि मिनिटभराने परत उतरला. माझे दोघे मात्र उडाले नाहीत. ते परत चरायला लागले.

ओळखायचं कसं

पुस्तकात तुताऱ्यांचं पान उघडलं की माणूस घाबरतो. सगळ्या करड्या-तपकिरी, सगळ्यांची पोटं पांढरी. म्हणून रंग शेवटी बघायचा. आधी आकार, मग डोक्याच्या मानाने चोच केवढी, मग चालण्याची आणि खाण्याची रीत. आकारासाठी ओळखीची मापं वापरा: चिमणी, साळुंकी, टिटवी, कोंबडी. नावं मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही देतेय, कारण मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात.

पहिली विभागणी चालण्यावरून होते. चार पावलं पळायचं, झटकन थांबायचं, वाकून काहीतरी टिपायचं, पुन्हा पळायचं, असं करणारा आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी म्हणजे चिखल्या किंवा टिटवी. ते नजरेने शिकार करतात. न थांबता चालत, चोच सतत खाली ठेवून टोचत जाणाऱ्या त्या तुताऱ्या आणि टिलवे. त्यांच्यातले पुष्कळसे चोचीच्या टोकाच्या स्पर्शाने शोधतात. एवढं जमलं की अर्धं काम झालं.

चिखल्यांमध्ये तळ्याकाठी बहुधा छोटा कंठेरी चिखल्या असतो, लिटल रिंग्ड प्लोव्हर. गळ्यात पूर्ण काळी कंठी आणि डोळ्याभोवती पिवळी कडी. कंठी पुढे तुटलेली आणि पाय काळपट असले तर केंटिश. टिटवी सगळ्यांना माहीत असते. तिचा पिवळ्या गलुल्यांचा (चोचीपाशी लोंबणाऱ्या कातडीचा) माळावरचा भाऊबंद म्हणजे माळटिटवी, ती पाण्यापासून दूर कोरड्यावर सापडते. शेकाट्याबद्दल लिहायची गरज नाही, काळे पंख आणि लांबच लांब गुलाबी-लाल पाय, एकदा पाहिला की चुकत नाही. पोटापर्यंतच्या पाण्यात तो उभा असेल तर तिथल्या खोलीचा अंदाजही मिळतो.

खरी कसोटी तीन तुताऱ्यांची, आणि इथे घाई करू नका. सामान्य तुतारी, कॉमन सँडपायपर, सगळ्यात सोपी. कायम एकटी, दगडाधोंड्यांच्या काठावर, आणि शेपटीकडचा भाग सतत वर-खाली हलवत. खांद्याच्या पुढून पांढरा रंग पाचरीसारखा वर चढलेला दिसतो. उडताना पाण्याला लागून, पंख ताठ धरून थरथरवत जाते. हिरवी तुतारी, ग्रीन सँडपायपर, नावाप्रमाणे हिरवी नसते, काळपट असते. ओढ्याच्या अरुंद कोपऱ्यात, विहिरीच्या पाटापाशी, जिथे दुसरं कुणी नसतं तिथे. आपल्याला बघून दचकून उडते तेव्हा काळ्या पाठीवर ढुंगणाचा पांढरा डाग झगझगतो आणि पंखांची खालची बाजू गडद दिसते. ठिपकेवाली तुतारी, वूड सँडपायपर, उघड्या दलदलीत, पाच-दहाच्या गटात. पाठीवर पांढुरके ठिपके, पिवळसर पाय, आणि डोळ्यावरून मागेपर्यंत गेलेली लांब पांढरी भुवई. पंखांची खालची बाजू फिकट. ही भुवई आणि ती पाचर, एवढ्या दोन खुणा पक्क्या करा, बाकी आपोआप जमतं. मला हे तिघं पक्के व्हायला पूर्ण एक हंगाम लागला.

यांच्यापेक्षा मोठी, टिटवीच्या जवळपास पोचणारी, चोच किंचित वर वळलेली आणि उडताना तीनदा खणखणीत ‘त्यू-त्यू-त्यू’ म्हणणारी ती हिरव्या पायांची तुतारी, ग्रीनशँक. तशीच पण लहान, नाजूक, सुईसारख्या सरळ चोचीची मार्श सँडपायपर. पाय नारिंगी-लाल आणि उडताना पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी किनार म्हणजे रेडशँक. लांब सरळ चोच बुडापर्यंत चिखलात खुपसून, कधी डोकंही पाण्याखाली घालणारा मोठा पक्षी म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट. खाडीवर कोंबडीएवढा, कोयत्यासारखी लांब खाली वळलेली चोच असलेला दिसला तर तो कुरल. रफ फसवतो, कारण नर मादीपेक्षा बराच मोठा असतो आणि पायांचे रंगही वेगवेगळे दिसतात. लहान डोकं, लांब मान, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी, असं काही दिसलं आणि कशातच बसलं नाही तर रफ धरून बघा.

टिलव्यांत पायांकडे बघा. काळे पाय म्हणजे छोटा टिलवा. पिवळट-हिरवे पाय आणि छातीवर करडा पट्टा म्हणजे टेमिंकचा टिलवा, तो गवताच्या आडोशाने एकटादुकटा हिंडतो.

कडेच्या गवतात न हलता बसलेला पाणलावा पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही. त्याच गवतात संध्याकाळी रंगीत पाणलावा दिसला तर नीट बघा. त्यात मादी रंगीत आणि नर फिका, आणि अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो. कमळं असलेल्या तळ्यात कमळपक्ष्यांमध्येही बापच पिल्लं वाढवतो. उथळ पाण्यात बगळे, वंचक, चमचे, शराटी आणि रंगीत करकोचेही असतात. ते मोठे आहेत, सावकाश ओळखता येतात, म्हणून त्यांच्यावर इथे जागा घालवत नाही.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग. मग पाण्याची कड. माझ्या तलावावर एक मोडकं बाभळीचं खोड आहे. पाणी त्याच्यापासून किती पावलं लांब आहे ते मी दर वेळी मोजून लिहिते. तीन वर्षांच्या नोंदींत मला दिसलं की खोडापासून साठ ते दीडशे पावलांच्या मध्ये पाणी असतं तेव्हा सगळ्यात जास्त जाती मिळतात. त्याहून मागे गेलं की चिखल तडकतो आणि मोकाट कुत्री सहज पोचतात. तुमच्या तळ्याचा आकडा वेगळा निघेल, पण तो फक्त तुम्हालाच काढता येईल.

मोजणीची युक्ती अशी. दहा पक्षी नीट मोजा, ते थव्याचा केवढा तुकडा व्यापतात ते डोळ्यांत भरा, आणि तेवढेच तुकडे पुढे पाडत जा. थवा उडण्याआधी डावीकडून उजवीकडे एकदा, मग उलट एकदा. ओळख पटली नाही तर ‘तुतारी, जात माहीत नाही, ३’ असं लिहा. ती प्रामाणिक नोंद आहे. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढच्या सगळ्या नोंदी बिघडवतं. नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर इतरांनाही उपयोगी पडतात, आणि दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. तिच्यात तुमच्या छोट्या तळ्याची मोजणी देता येते. कुणा पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा झेंडा दिसला तर रंग, कुठल्या पायात, वर की खाली, आणि अक्षरं जमेल तशी टिपून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. अशाच माहितीतून आणि पाठीवर लावलेल्या ट्रान्समीटरमधून यांचे प्रवास कळले आहेत. २०२२ मध्ये अवघ्या पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडाल्याची नोंद झाली.

त्यांना उडवू नका

एवढ्या लांबून आलेला पक्षी चरत असतो तेव्हा तो परतीच्या प्रवासाची चरबी साठवत असतो. आपण एकदा उडवला की थोडी चरबी जळते, आणि दिवसभरात दहा जणांनी उडवला तर त्याचा दिवसच वाया जातो. मार्चमध्ये तर हे फारच महागात पडतं. नावेतून रोहित बघायला गेलात तर नावाड्याला आधीच सांगा, लांबूनच इंजिन बंद करा, थवा उडाला तर जादा पैसे मिळणार नाहीत, न उडता दिसला तर मिळतील. मी हे दर वेळी सांगते आणि नावाडी आनंदाने ऐकतात. त्यांनाही ते पक्षी उद्या तिथेच हवे असतात. आवाज वाजवून पक्षी बोलावणं, ड्रोन, दगड मारून उडतानाचा फोटो, यातलं काहीही नको.

मार्चनंतर काठावर चालताना पायाखाली बघा. टिटवी, शेकाटे, छोटे चिखल्ये जमिनीवरच्या खळग्यात चार ठिपकेदार अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर झेपा घ्यायला लागली की ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे फिरा. आपल्याकडे टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं म्हणतात. ते खरं असो नसो, ही समजूत असलेला शेतकरी नांगरताना तेवढी जागा सोडतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. बरेच एकत्र मेलेले दिसले तर वनविभागाला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. तळ्यात भराव पडत असेल, जलपर्णी कडेवर चढत असेल, तर तुमच्या वहीतल्या तारखा आणि आकडे ग्रामपंचायतीत दाखवा. नुसत्या तक्रारीपेक्षा ‘गेल्या जानेवारीत इथे १४६ पक्षी होते, यंदा ३१’ हे वाक्य जास्त ऐकलं जातं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा तरी जा. गॉडविटच्या छातीवर विटेसारखा तांबडा रंग चढलेला असतो, टिलव्यांच्या पाठीवर गंजाची झाक येते, आणि सगळे अधाशासारखे खात असतात. मग एका सकाळी चिखल मोकळा दिसतो, फक्त शेकाटे आणि टिटव्या उरतात. त्या दिवसाची तारीख लिहा. पाऊस येऊन तलाव भरायला लागतो, आणि ऑगस्टातल्या एखाद्या झिमझिम सकाळी सांडव्याच्या दगडावर शेपटी हलवत एक सामान्य तुतारी उभी असते. तीही तारीख लिहा, आणि खोडापासून पाणी किती पावलांवर होतं तेही.